आजोबांच्या इमारतीचं तोंड कुणीकडे

तीर्थस्वरूप मामांच्या चरणी (त्यांतल्या डाव्या चरणाचा गुडघा एव्हाना वाकू लागला असेल असं धरून) भाचीचा साष्टांग नमस्कार.

मामींचा नवा चष्मा कसा आहे? मागे त्या फोनवर म्हणाल्या होत्या की नव्या चष्म्यातून तुम्ही जास्त म्हातारे दिसता. काच बदलून घेतली, की त्यांना सवय झाली? शेजाऱ्यांचा कुत्रा अजून तुमच्याच फाटकाशी झोपतो का, आणि त्याला हाकलायला म्हणून गेल्यावर तुम्ही अजून त्याच्याशी गप्पा मारून परत येता का? इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. आईची तब्येत उत्तम आहे, किंबहुना गेल्या आठवड्यापासून जरा जास्तच उत्तम आहे, कारण ती मधूनच एकटीच हसते. का हसते ते पुढे येईल. तूर्त एवढंच करा की हे पत्र उभ्याने वाचू नका. आरामखुर्चीत बसा, पाण्याचा तांब्या जवळ घ्या आणि मामींना हाक मारा. कुणाला काही झालेलं नाही. जे झालं ते फार पूर्वी झालं, आणि ते झालेलं अजून भक्कम उभं आहे.

आमचा इतिहास विभाग नव्या इमारतीत आहे हे तुम्ही जाणताच. ती इमारत आजोबांनी बांधली, हे तर तुमच्यामुळे आपल्या अर्ध्या नातेवाइकांना आणि त्यांच्या सगळ्या व्याह्यांना पाठ आहे. (प्रत्येक लग्नात तुम्ही मुलाकडच्या एखाद्या बेसावध माणसाला कोपऱ्यात गाठून ‘विद्यापीठ पाहिलंत का? आमच्या वडिलांनी बांधलं’ असं सांगता. विद्यापीठात इमारती ढीगभर आहेत. आजोबांची त्यातली एक. पण एका इमारतीचं विद्यापीठ करायला तुम्हाला पाण्याचा एक घोट पुरतो.) आता गंमत अशी की नवी इमारत ही विद्यापीठातली सगळ्यांत जुनी इमारत आहे. बांधली तेव्हा ती नवी होती आणि त्यानंतर तिचं नाव बदलायची तसदी कुणी घेतली नाही. आमच्याकडे ही रीतच आहे. ‘जुनं ग्रंथालय’ म्हणतात तिथे आता चहा मिळतो, टेनिस कोर्टावर परीक्षा विभाग उभा आहे, आणि नव्याने लागलेल्या प्राध्यापकांना ‘टेनिस कोर्टाच्या दुसऱ्या मजल्यावर येऊन भेटा’ असा निरोप मिळाला की ते घरी जाऊन राजीनाम्याचा विचार करू लागतात.

तर यंदा विद्यापीठाने ठरवलं की जुन्या वास्तू जपायच्या आणि बाकीच्या पाडून वाहनतळ करायचा. कोणती जपायची आणि कोणती पाडायची हे कुलसचिवांनी कचेरीत बसून, नुसती नावं वाचून ठरवलं. नवी इमारत साहजिकच पाडायच्या बाजूला गेली. मी तावातावाने त्यांच्याकडे गेले. ते गृहस्थ वाईट नाहीत, पण त्यांची स्वतःची गाडी रोज उन्हात उभी असते, आणि माणसाचं मन गाडीच्या टपाइतकंच तापतं. ते म्हणाले की नाव काहीही असो, त्या इमारतीला इतिहास असेल तर समितीपुढे मांडा, तुम्ही इतिहासाच्याच ना? आणि नसेल तर तुमच्या विभागाला मुख्य कचेरीत तिसऱ्या मजल्यावर लेखा विभागाच्या पलीकडे प्लायवूडचे आडोसे घालून देऊ. मामा, मी शिकवत असताना आडोशाच्या पलीकडून ‘अहो, तुमचं प्रवासभत्त्याचं बिल परत आलंय’ असं ऐकू येणार, या कल्पनेनेच माझ्या तोंडचं पाणी पळालं. शिवाय आजोबांची इमारत पडणार आणि तिथे कुलसचिवांची गाडी सावलीला उभी राहणार, हे मला काही केल्या गिळवेना.

म्हणून मी इतिहास शोधायला लागले आणि पहिल्या दोन दिवसांतच हात टेकले. इतकी वर्षं उभी राहून त्या इमारतीत काहीही घडलेलं नाही. कुणी थोर माणूस तिथे शिकला नाही. एक मंत्री झालेले गृहस्थ शिकले होते, पण ते तिथे नापास झाल्यामुळे आपण त्या गावीच नव्हतो असं सांगतात. निवृत्त प्राध्यापकांपैकी सर्वांत वयोवृद्ध सरांना गाठलं, तर त्यांना एवढंच आठवलं की खालच्या कोपऱ्यातल्या खोलीत दुपारी फार छान झोप लागायची. माजी विद्यार्थ्यांना आठवणी सांगायला या असं आवाहन केलं, तेव्हा एक काका बायकोला घेऊन लांबून आले. खिडकीजवळचा बाक दाखवून भरल्या गळ्याने म्हणाले, याच बाकावर मी हिला लग्नाचं विचारलं. काकूंनी बाकाकडे नीट पाहिलं, खिडकीकडे पाहिलं आणि शांतपणे सांगितलं की ती मी नव्हे. जाताना दोघं वेगवेगळ्या दारांनी गेले. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आमच्या विभागप्रमुखांनी मला दिवसातून चार वेळा ऐकवलं. (ते हिवाळ्यात निवृत्त होणार आहेत आणि त्यांना इथल्या आपल्या खोलीतूनच निवृत्त व्हायचं आहे, त्यामुळे त्यांची चिडचिड मी मनावर घेत नाही.)

अशात समिती पाहणीला आली. अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त वास्तुतज्ज्ञ, वाळलेल्या काटकीसारखे, कानात यंत्र. त्यांना आम्ही नेहमीच्या वाटेने आत घेतलं, म्हणजे सायकलस्टँड आणि स्वच्छतागृह यांच्यामधल्या अरुंद दाराने. ते दारातच थांबले आणि म्हणाले की पाहुण्यांना मागच्या दाराने आत नेण्याची तुमच्याकडे पद्धत आहे का? तेव्हा मला पहिल्यांदा जाणवलं की खरंच, आपण इतकी वर्षं मागच्या दाराने येतो-जातो. दर्शनी पोर्च, ते चार जाडजूड खांब, ती रुंद पायऱ्यांची ऐट, सगळं पलीकडच्या अंगाला आहे आणि तिथून समोर काय दिसतं, तर कुंपणाची भिंत आणि त्यामागे लाँड्रीवाल्याच्या दोरीवर वाळणाऱ्या चादरी. मुख्य रस्ता येतो तो थेट स्वच्छतागृहाच्या खिडकीवर. मी ठोकून दिलं, ‘हवेसाठी, सर.’ (असंच सांगायची पद्धत आहे. मला माझ्या सरांनी असंच सांगितलं होतं.) अध्यक्षांनी बोट ओलं करून पोर्चमध्ये वर धरलं आणि बराच वेळ धरून ठेवलं. चादरीसुद्धा हलत नव्हत्या. मग त्यांनी बोट रुमालाला पुसलं आणि म्हणाले की खांब, कमानी मी आयुष्यभर पाहिल्या, असे खांब पैशाला पासरी मिळतात. दुसऱ्या कुठल्याही इमारतीत नाही असं काही असेल तर पुढच्या बैठकीत सांगा, नाहीतर मला सही करावी लागेल.

मामा, आता पाणी प्या. त्यानंतर दोनच दिवसांनी पुरुषांच्या स्वच्छतागृहातला नळ फुटला. प्लंबरने भिंत जरा ठोकली तर तिच्यावरच्या हिरव्या ऑइलपेंटचा भलामोठा पापुद्रा निघून आला, आणि विभागप्रमुख आतून भूत पाहिल्यासारखा चेहरा करून बाहेर आले. म्हणाले, भिंतीत अक्षरं आहेत. ते स्वतः अर्थशास्त्रातून इतिहासात आलेले असल्यामुळे अक्षरं कसली हे पाहायला मला जावं लागलं. शिपाईदादांनी दाराशी स्टूल टाकलं आणि वर ठाण मांडून बसले. मी आत नाकाला पदर लावून, नखं घासायच्या कानशीने रंग खरवडत होते. तेवढ्यात बाहेर कुलसचिवांचा आवाज आला. त्यांना घाई होती, आणि ती घाई कसली होती हे सांगायला नको. शिपाईदादा जागचे हलले नाहीत. ‘साहेब, थांबावं लागेल. आत बाई इतिहास करतायत.’ कुलसचिव टेनिस कोर्टाकडे धावले. तेव्हापासून ते मला पाण्यात पाहतात.

रंगाखाली निघाली ती कोनशिला. स्वच्छ, सुबक अक्षरांत, अमुक साहेबांच्या हस्ते या विद्यामंदिराची कोनशिला बसवण्यात आली, वगैरे. आता कोनशिला दर्शनी भिंतीत बसवतात, मुख्य दाराशी, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी. तिच्यापुढे माणसांनी हार घेऊन उभं राहायचं असतं. आमच्याकडे तिच्यापुढे माणसं ज्या कामासाठी उभी राहत होती ते अमुक साहेबांना कळलं असतं तर ते कोनशिलेसकट घरी गेले असते. मी तिथे कानशी हातात घेऊन उभी राहिले, खिडकीतून सरळ येणाऱ्या रस्त्याकडे पाहिलं, मग पोर्चच्या दिशेने पाहिलं, आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मामा, इमारत उलटी आहे. वरचं खाली झालेलं नाही, घाबरू नका, गच्ची वरच आहे. पुढचं मागे झालंय आणि मागचं पुढे.

घरी आले तेव्हा आई पलंगावर चादरींच्या घड्या घालत होती. मी म्हटलं, आई, आजोबांनी ती इमारत बांधताना काही झालं होतं का गं? तिने हातातली चादर खाली ठेवली, माझ्याकडे पाहिलं आणि जी हसत सुटली ती पलंगावर आडवी होईपर्यंत. ‘सापडलं होय तुला एकदाचं?’ एवढंच बोलली आणि पुन्हा हसायला लागली. चहा पोटात गेल्यावर मग तिने सगळं सांगितलं, ते असं.

बांधकामाच्या जागेवर विद्यापीठाच्या इंजिनिअरने टेबल मांडलं आणि त्यावर नकाशा पसरला. तो टेबलाच्या एका बाजूला उभा, आजोबा समोर, दुसऱ्या बाजूला. इंजिनिअरने सगळं समजावून सांगितलं आणि विचारलं, नकाशा घेऊन जाता का? आजोबा म्हणाले, गरज नाही, एकदा पाहिलं की झालं. आपल्या घराण्याचा हा बाणाच आहे ना, एकदा पाहायचं आणि पुन्हा म्हणून विचारायचं नाही. (तुम्हीही त्यातलेच. कार्यालय कुठलं हे न विचारता भलत्याच लग्नात शिरलात, नवरानवरीला आशीर्वाद दिलात, मुलाच्या बापाला विद्यापीठाबद्दल सांगितलंत, पोटभर जेवलात, आणि मामी खऱ्या लग्नात तुमची वाट पाहत उपाशी बसल्या. ती मंडळी अजून तुमची चौकशी करतात म्हणे.) आजोबांनी नकाशा डोक्यात घेतला तो स्वतःच्या बाजूने, आणि जसाच्या तसा जमिनीवर उतरवला. एक खिडकी चुकली नाही. नेमका इंजिनिअर तापाने अंथरुणाला खिळला तो भिंती खांद्याएवढ्या होईपर्यंत. कोनशिला आधीच रस्त्याच्या बाजूला, आखून दिलेल्या जागी बसवलेली होती. ती स्वच्छतागृहाच्या भिंतीत येतेय हे आजोबांच्या लक्षात आलं होतं, पण मोठ्या लोकांचं असंच असतं, आपण कशाला बोला, म्हणून ते गप्प राहिले. इंजिनिअर बरा होऊन आला, इमारतीभोवती एक चक्कर मारली आणि वाळूच्या ढिगावर बसला तो दुपारपर्यंत उठला नाही. शेवटी कुलगुरू आले, त्यांनी पाहिलं आणि म्हणाले की आपण सांगू, हवेसाठी आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आई म्हणाली, त्यानंतर आजोबांनी एक खिडकीसुद्धा तीनदा विचारल्याशिवाय बसवली नाही. मला आजोबा आठवतात ते असेच, सगळ्यांना सगळं विचारणारे. दिवा लावू का, हे दार बाहेर उघडतं की आत, चमचा उजवीकडे ठेवू का. आम्हा पोरांना वाटायचं, म्हातारपणामुळे. हे ऐकता ऐकता मी उरलेल्या चादरींच्या घड्या घातल्या.

दुसऱ्या दिवशी मी अध्यक्षांना बोलावून सगळं सांगितलं. ते एकटेच आत जाऊन कोनशिला पाहून आले (मी अर्थात बाहेर, स्टुलाजवळ) आणि पोर्चच्या पायरीवर बसून इतके हसले की कानातलं यंत्र निघून मांडीवर पडलं. म्हणाले, सरळ बांधलेल्या इमारती मी हजार पाहिल्या. पाठमोरी बांधलेली आणि तरी इतकी वर्षं सुखाने नांदलेली ही पहिलीच. त्यांनी तिथेच चहा मागवला आणि गेले ते संध्याकाळी. जाताना म्हणाले, पोर्च बरोबर जागी आहे. ते खरं आहे, मामा. तो पोर्च रस्त्याकडे असता तर तिथे गाड्या लागल्या असत्या आणि पाहुण्यांचे फोटो निघाले असते. तो भिंतीकडे आहे म्हणून तिथे कुणी मोठा माणूस फिरकत नाही, आणि म्हणून तो पोरांचा आहे. परीक्षेच्या आधी पोरं तिथे एकमेकांना शिकवतात, मी वर्गात शिकवते त्यापेक्षा कितीतरी चांगलं. रुसवे तिथेच होतात आणि तिथेच मिटतात. नोकरी लागून पहिला दिवस होता तेव्हा वर्गात माझी बोबडी वळली होती. मी त्या पायऱ्यांवर येऊन रडले आणि नाक पुसून परत गेले. कुणी पाहिलं नाही, कारण आजोबांनी ती जागा कुणाला दिसणार नाही अशी बांधून ठेवली होती. मला ती इमारत फार आवडते. ती पाडलेली मला बघवणार नाही.

पण कुलसचिवांनी शेवटचा डाव टाकलाच. म्हणाले, कोनशिला कुणी दुसरीकडून आणून तिथे बसवली नसेल कशावरून? आणि बाईंच्या घरच्या गप्पांवर समितीने विश्वास ठेवायचा का? तेव्हा अध्यक्षांनी तोड काढली की बांधणाऱ्याच्या पोटच्या मुलाने किंवा मुलीने समितीसमोर येऊन हे सांगावं, ते लिहून घेतलं जाईल आणि तेवढ्यावर इमारत राहील. मी आईला तयार केलं. विभागप्रमुखांना समोर बसवून तालीम घेतली. आई उभी राहिली, ‘माझे वडील’ एवढं म्हणाली आणि खुर्चीत बसून हसत राहिली. असं चार वेळा झालं. विभागप्रमुख रागावून घरी गेले.

तुमच्या मनाला हे किती लागेल ते मला कळतं. पण तुम्ही लग्नांमध्ये जे सांगता त्यातलं काहीच खोटं ठरत नाही. इमारतीची एक वीट हललेली नाही, गच्ची गळत नाही, उन्हाळ्यात आत गार वाटतं. फक्त तिचं तोंड तिकडे आहे.

मामींना नमस्कार, कुत्र्याची चौकशी केली म्हणून सांगा. लोभ आहेच, तो हे पत्र वाचून झाल्यावरही तसाच राहावा, एवढंच मागणं.

तुमची लाडकी (अजून असल्यास)
भाची

ता. क. आता खरं काम. समितीची बैठक बुधवारी सकाळी आहे आणि तिथे तुम्ही बोलणार आहात. तुमचं नाव मी आधीच दिलं आहे. ‘मामांना हे कळल्यावर त्यांच्या डोळ्यांत आनंदाश्रू आले आणि त्यांनी तत्काळ होकार दिला’ असंही मी अध्यक्षांना सांगून बसले आहे. तेवढं बुधवारपर्यंत खरं करून टाका. फार बोलायचं नाही, दोन-तीन वाक्यं. आजोबा टेबलाच्या कुठल्या बाजूला उभे होते एवढं सांगितलं तरी इमारत वाचते.

ता. क. २. इतकी वर्षं आईने तुम्हाला का सांगितलं नाही म्हणून तिच्यावर रागावू नका. आजोबांनीच तिला बजावलं होतं. त्यांचे शब्द तिने मला जसेच्या तसे सांगितले: ‘त्याला कळू देऊ नकोस. त्या इमारतीकडे मान वर करून बघणारा जगात तो एकटाच आहे.’

ता. क. ३. पाकीट चिकटवणार होते, पण आत्ता भाजी निवडता निवडता आईने आणखी एक गोष्ट सांगितली, म्हणून परत उघडलं. तुम्हाला ठाऊक आहे म्हणे. कॉलेजच्या पहिल्याच वर्षी, तिच्यावर रंग चढायच्या आधी, तुम्ही ती कोनशिला पाहिलीत, घरी येऊन न जेवता बसलात आणि रात्री आईला म्हणालात, ‘ताई, मला कळलंय हे बाबांना कळू देऊ नकोस, त्यांना वाईट वाटेल.’ आणि त्यानंतरच्या पहिल्याच लग्नात तुम्ही विद्यापीठाचं सांगायला सुरुवात केलीत, आजोबा बसले होते त्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. दोघांनीही एकमेकांपासून लपवलं आणि मध्ये बसून आईने दोन्ही बाजूंची गुपितं सांभाळली. ती उगाच हसत नाही. तिने मला शपथ घातली आहे की हे मी तुम्हाला सांगायचं नाही. तेव्हा मी शपथ मोडल्याचं तिला कळू नये म्हणून बुधवारी ती भेटेल त्या वेळी चेहरा जरा पडलेला ठेवा, सगळं नुकतंच कळल्यासारखा.